हळकुंडाची झळाळी आणि वाढता मेंदू

माघ-फाल्गुनात हिंगोली जिल्ह्यातून, विशेषतः वसमत भागातून प्रवास करण्याचा योग आला, तर खिडकीबाहेर अवश्य पाहा. शेताशेतांतून पिवळ्या रंगाचे लांबच लांब पट्टे पसरलेले दिसतील. ती वाळत घातलेली हळद असते. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेला कंद जमिनीत आठ-नऊ महिने वाढतो. मग पाने कापायची, कंद खणून काढायचे, जेठे गड्डे आणि हळकुंडे वेगळी करायची, काहिलीत किंवा बॉयलरच्या वाफेवर ती शिजवायची आणि दोन आठवडे उन्हात वाळवायची. शिजवल्यामुळे कंदातील पिष्ट फुगते आणि रंग आतपर्यंत सारखा पसरतो. परंतु वाळलेले हळकुंड दिसायला मळकट आणि खरबरीत असते. म्हणून ते फिरत्या ड्रममध्ये घालून घासतात. साल निघून गेली की आतला पिवळा रंग उजळतो. यालाच पॉलिश करणे म्हणतात. पुढे मोंढ्यात सौदा होताना हळकुंड हातात घेऊन, मोडून, रंग पाहूनच भाव बोलला जातो.

लेख मेंदूविषयीचा, आणि त्यात ही हळद कशी आली, असे तुम्हाला वाटेल. या पॉलिशच्या ड्रमपाशीच दक्षिण आशियात काही ठिकाणी एक पिवळी भुकटी हळदीत मिसळली गेली. तिचे नाव लेड क्रोमेट. शिसे, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचे हे संयुग म्हणजे रंगाच्या कारखान्यातले पिवळे रंगद्रव्य. फिकट हळकुंडाला ते झळाळी आणते. त्यातले शिसे नेमका कोठे घाव घालते, हे समजायचे असेल, तर मेंदू कसा घडतो ते आधी पाहावे लागेल.

आधी भिंती, मग तारा

मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. यांतल्या बहुतेक सर्व बाळ जन्माला येण्यापूर्वीच तयार होतात. गर्भातील पेशींच्या एका साध्या पन्हळीपासून हे सगळे घडते. कोणत्या पेशीने कोठे जायचे आणि काय व्हायचे, याचे आदेश जनुकांकडून येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. शुभा टोळे आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे हेच आदेश वाचण्याचे काम करीत आहेत. त्यांनी परदेशातील सहकाऱ्यांसह २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक महत्त्वाचा शोध प्रसिद्ध केला. उंदराच्या गर्भात एलएचएक्स-२ नावाचे जनुक काम करीत असेल, तर पेशी मेंदूच्या बाह्यकाची, म्हणजे विचार करणाऱ्या वरच्या थराची पेशी बनते. काही पेशींतून हे जनुक काढून टाकले, तर त्या पेशी भलतेच काम अंगावर घेतात. त्या शेजारच्या पेशींना ‘तुम्ही हिप्पोकॅम्पस व्हा’ असा हुकूम देऊ लागतात! परिणामी एका हिप्पोकॅम्पसच्या जागी अनेक तयार होतात.

हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा समुद्रघोड्याच्या आकाराचा भाग. काल वर्गात काय शिकवले, सायकल कोठे लावली, अशा आठवणी प्रथम येथे नोंदल्या जातात. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा लागेल.

जन्मापर्यंत इमारत उभी राहते, पण तारा जोडायचे काम बरेचसे बाकी असते. एक चेतापेशी दुसरीला जेथे निरोप देते, त्या सूक्ष्म जागेला संपर्कस्थान म्हणतात. ही संपर्कस्थाने कोणत्या वयात किती असतात? शिकागो विद्यापीठातील डॉ. पीटर हुटेनलॉकर यांनी ती चक्क मोजली. नवजात बालकापासून नव्वद वर्षांच्या वृद्धापर्यंत, मरण पावलेल्या २१ व्यक्तींच्या मेंदूंचे पातळ काप घेऊन त्यांनी ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनेकांना चकित करणारा होता. मेंदूच्या पुढच्या भागात संपर्कस्थानांची दाटी सर्वांत जास्त असते ती एक ते दोन वर्षांच्या मुलात, आणि ती प्रौढांपेक्षा जवळजवळ दीडपट असते. त्यानंतर सोळाव्या वर्षापर्यंत ही दाटी कमी कमी होत जाते.

म्हणजे मोठे होताना आपण संपर्क गमावतो? होय, आणि त्यात नुकसान नाही. शेतकरी आधी दाट पेरतो आणि मग विरळणी करतो, तसेच हे काम चालते. ज्या संपर्कांतून वारंवार निरोप जातात ते बळकट होतात, बाकीचे गळतात. पाळण्यावरची चिमणी पाहणे, आईचा आवाज ओळखणे, ‘दे’ म्हटल्यावर वस्तू मिळते हे समजणे, या प्रत्येक गोष्टीने कोणता तरी संपर्क टिकतो आणि कोणता तरी जातो. तुमच्या स्वतःच्या मेंदूतही, विशेषतः कपाळामागच्या भागात, ही विरळणी आज चालू आहे, बरे का! ती विशीच्या मध्यापर्यंत चालते.

कॅल्शिअमच्या वेषातला पाहुणा

कोणता संपर्क ठेवायचा, हे पेशीला कसे कळते? येथे कॅल्शिअमचे काम सुरू होते. हाडे मजबूत करणारे कॅल्शिअम तुम्हाला ठाऊक आहेच. मेंदूत मात्र ते हरकाऱ्याचे काम करते. निरोप घेणाऱ्या पेशीच्या आवरणात एनएमडीए ग्राही नावाची प्रथिनांची दारे असतात. पहिल्या पेशीचा निरोप यावा आणि त्याच वेळी दुसरी पेशीही जागी असावी, असे दोन्ही जुळले तरच हे दार उघडते. उघडले की कॅल्शिअमचे आयन आत शिरतात आणि पेशीतील यंत्रणेला सांगतात, ‘हा संपर्क कामाचा आहे, पक्का करा.’ शिकण्याची क्रिया रसायनांच्या भाषेत सांगायची तर ती अशी आहे. हिप्पोकॅम्पसमध्ये ही दारे फार दाटीने असतात.

आता शिशाकडे वळू. कॅल्शिअमच्या आयनावर दोन धन विद्युतभार असतात, शिशाच्या आयनावरही दोनच. आकारातही फार फरक नाही. त्यामुळे शरीर फसते. कॅल्शिअमसाठी असलेल्या वाटांनी शिसे पेशीत घुसते, कॅल्शिअमने बसायच्या जागी जाऊन बसते आणि चुकीच्या वेळी चुकीचा निरोप देते. शिवाय एनएमडीएचे दार ते अडवून धरते. टिकायला हवे ते संपर्क टिकत नाहीत.

मोठ्या माणसालाही शिसे बाधते, पण त्याच्या मेंदूची मुख्य जोडणी झालेली असते. बाळाचे तसे नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी जितका वाटा प्रौढाच्या रक्तात उतरतो, त्याच्या चार ते पाच पट वाटा लहान मुलाच्या रक्तात उतरतो. रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक अडसरही लहानपणी कच्चा असतो. अंगात लोह कमी असेल तर आतडे शिसे आणखी जोमाने शोषते. ज्या मुलाला आधीच पोटभर सकस अन्न नाही, त्याच्यावर हा दुहेरी मार. एवढ्यावर भागत नाही. आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठलेले शिसे गरोदरपणात कॅल्शिअमबरोबर सुटते आणि नाळेतून गर्भापर्यंत पोहोचते.

(जाता जाता एक खुलासा. आपण ‘शिसपेन्सिल’ म्हणतो तिच्यात शिसे नसते, ग्रॅफाइट असते. पेन्सिल चावण्याची सवय वाईटच, पण या कारणासाठी नव्हे. शेंदूर मात्र पारंपरिक पद्धतीने केलेला असेल तर खरोखरच शिशाचे ऑक्साइड असतो. मारुतीला शेंदूर लावल्यावर हात स्वच्छ धुवावेत, आणि बाळाच्या तोंडाशी तर तो नेऊच नये.)

पडलेले दुधाचे दात

हुटेनलॉकर संपर्कस्थाने मोजत होते, त्याच सुमारास अमेरिकेत डॉ. हर्बर्ट नीडलमन यांना वेगळाच प्रश्न पडला होता. शिशाने मूल बेशुद्ध पडते, झटके येतात, हे डॉक्टरांना ठाऊक होते. पण जे मूल आजारी दिसत नाही, रोज शाळेत येते, त्याच्या अंगातले थोडे शिसे काही करीत असेल का? रक्त तपासून फक्त गेल्या काही आठवड्यांचे कळते. पूर्वीची नोंद कोठे सापडेल? कॅल्शिअमच्या जागी बसणारे शिसे दातांतही साठते. आणि दुधाचे दात तर मुले फुकट देतात! नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या चेल्सी आणि सॉमरव्हिल या गावांतील पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दात गोळा केले.

पुढची गोष्ट शिक्षकांनी जरूर वाचावी. या मुलांबद्दल वर्गशिक्षकांना प्रश्नावली दिली होती. मूल लवकर विचलित होते का? हातातले काम अर्धवट टाकते का? साधी सूचना पाळू शकते का? दिवास्वप्नांत असते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना सांगितलेले नव्हते. २,१४६ मुलांची अशी माहिती जमली. दातांतील शिशाच्या प्रमाणानुसार मुलांचे गट पाडले, तेव्हा शिसे वाढत गेले तसतशा शिक्षकांच्या तक्रारीही वाढत गेलेल्या आढळल्या. जास्त आणि कमी शिशाच्या निवडक मुलांची बुद्धिमापन चाचणी घेतली, तेव्हा सरासरीत सुमारे साडेचार गुणांचा फरक निघाला. हा निबंधही १९७९ सालचाच.

‘याचे लक्षच नसते’ असे ज्या मुलाबद्दल आपण सहज बोलून जातो, त्याच्या दातात काय लिहिलेले आहे ते आपण कधी वाचलेले नसते.

साडेचार गुण म्हणजे काय मोठेसे, असे कोणी म्हणेल. एका मुलापुरते ते दिसणारही नाही. पण साऱ्या गावाची सरासरी तेवढ्याने खाली सरकली, तर शिकताना अडखळणाऱ्या मुलांची संख्या खूप वाढते. २००५ मध्ये वेगवेगळ्या देशांतील सात पाहण्या एकत्र करून १,३३३ मुलांचा हिशेब मांडला गेला. त्यात दिसले की रक्तातील शिसे अगदी कमी असतानाच दर मायक्रोग्रॅममागे होणारे नुकसान अधिक असते. पहिले थेंबच जास्त महागात पडतात. म्हणूनच धोक्याची रेषा सतत खाली आणावी लागली. अमेरिकेत १९९१ मध्ये ही रेषा रक्ताच्या दर डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये ५ झाली आणि २०२१ मध्ये ३.५. इतके शिसे ‘चालते’, असा आकडा मात्र कोणालाही देता आलेला नाही.

आणि औषध? रक्तातील शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधे आहेत. अमेरिकेत ७८० लहान मुलांवर अशा औषधाची काळजीपूर्वक चाचणी झाली, तिचा निकाल २००१ मध्ये आला. रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धिमापनाचे गुण सुधारले नाहीत. चुकलेली जोडणी मागाहून दुरुस्त करता येत नाही. उपाय एकच उरतो: शिसे मुलापर्यंत पोहोचूच द्यायचे नाही.

रंगामागचा तपास

तसे करता येते, हे आपल्या मुंबईने एकदा पाहिले आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत आणि ते धुराबरोबर हवेत जाई. १९९७ च्या सुमारास तपासलेल्या मुंबईच्या दर दहा मुलांपैकी सहांच्या रक्तात डेसिलीटरला १० मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे होते. २००० साली देशभर शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. त्यानंतरच्या पाहणीत हे प्रमाण तिनात एकावर आले. डोस नाही, इंजेक्शन नाही, केवळ पेट्रोल बदलले.

तरीही तिनात एक उरलाच. जुने रंग, फुटक्या बॅटऱ्या वितळवण्याचे धंदे, भेसळीच्या कथलाची कल्हई असे अनेक वाटेकरी आहेत. बांगलादेशातील खेड्यांत तर मोटारगाड्या फारशा नसताना गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडले. ते आले कोठून? जेना फोरसाइथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा गुप्तहेरासारखा तपास केला. कीटकनाशके, डब्यांची डाखणी, माती, भांडी, मसाले, सगळे तपासले. निसर्गात शिशाचे चार स्थिर समस्थानिक आढळतात आणि प्रत्येक खाणीच्या शिशात त्यांचे प्रमाण निराळे असते. बोटाच्या ठशासारखेच म्हणा ना. स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा ठसा जुळला तो हळदीतल्या शिशाशी.

त्यांनी हळद पिकवणाऱ्या नऊ जिल्ह्यांतून गोळा केलेली माहिती २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. सात जिल्ह्यांत लेड क्रोमेटचा पुरावा मिळाला. ही रीत १९८० नंतरच्या दशकात पडली होती. पुरात भिजलेली हळद नीट वाळली नाही, काळवंडली, आणि ती खपावी म्हणून पॉलिश करताना रंग टाकला गेला. पुढे गिऱ्हाइकाच्या डोळ्याला तोच पिवळा खरा वाटू लागला. तिकडे या भुकटीला ‘पिउरी’ म्हणत. (आपल्याकडे भिंतींना लावायची पिवडी ही पिवळी माती असते, ती वेगळी.) रंग मिसळणाऱ्यांपैकी अनेकांना आपण काय करतो आहोत याची कल्पनाच नव्हती. त्यांची स्वतःची मुलेही तीच हळद खात होती.

पुढचा भाग आनंदाचा आहे. बांगलादेशच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हळदीतील शिसे हा गुन्हा असल्याचे जाहीर केले, वर्तमानपत्रांतून आणि बाजारांतून सूचना लावल्या, ढाक्याच्या घाऊक बाजारात छापा घालून क्ष-किरणांच्या यंत्राने जागेवरच तपासणी केली आणि व्यापाऱ्यांना दंड ठोठावला. २०१९ मध्ये बाजारातील नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसे सापडत होते. २०२१ मध्ये ते शून्यावर आले! गिरणीत काम करणाऱ्यांच्या रक्तातील शिसेही सुमारे ३० टक्क्यांनी उतरले.

मग याच गटाने भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील २३ शहरांतून हळदीचे ३५६ नमुने घेतले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सुमारे १४ टक्के नमुन्यांत दर ग्रॅमला २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे होते. पाटणा, कराची आणि पेशावर येथे तर दर ग्रॅमला १,००० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिशाचे नमुने मिळाले. भारतातील कायद्याची मर्यादा आहे दर ग्रॅमला १० मायक्रोग्रॅम, आणि लेड क्रोमेट तर मुळीच चालत नाही.

येथे थोडे गणित करा. पाच वर्षांच्या, १८ किलो वजनाच्या मुलाच्या अंगात सव्वा ते दीड लिटर रक्त असते. डेसिलीटरला ५ मायक्रोग्रॅम म्हणजे त्या साऱ्या रक्तात मिळून शिसे फक्त ६०-७० मायक्रोग्रॅम. दर ग्रॅमला १,००० मायक्रोग्रॅम शिसे असलेली हळद दिवसाकाठी अर्धा ग्रॅम पोटात गेली, तर किती शिसे गेले? सगळे शोषले जात नाही हे खरे. तरीही रोजच्या आमटी-भाजीतून वर्षभर जाणाऱ्या या चिमटीचा हिशेब तुम्हीच मांडा.

यावरून हळदीला नावे ठेवायचे कारण नाही. हळदीचा स्वतःचा पिवळा रंग कुर्क्युमिनचा, आणि तो कंदाच्या आत असतो. लेड क्रोमेट शेतात उगवत नाही, ते बाहेरून लावावे लागते. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. आठ-नऊ महिने राबून तो रंग पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा भाव कोठल्या तरी गोदामात रंगवलेल्या हलक्या हळकुंडाने पाडावा, ही या भेसळीची दुसरी बाजू आहे. माझे स्पष्ट मत असे की फार चकचकीत हळकुंड मागणारे गिऱ्हाईकही या व्यवहारात थोडे भागीदार असते. पाहणीतही सर्वाधिक शिसे पॉलिश केलेल्या हळकुंडांतच आढळले होते.

वर्गात करून पाहा

एका काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या. ढवळू नका. त्यात बाजारातून आणलेली दोन अख्खी हळकुंडे अलगद सोडा. निर्मळ हळकुंड पाण्यात लगेच रंग सोडत नाही. वरून रंग लावलेला असेल तर पाणी ताबडतोब पिवळे होऊ लागते. लेड क्रोमेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याचे कण नुसते सुटे होऊन तरंगतात आणि मग तळाशी बसतात. पोटातील आम्लात मात्र ते काही अंशी विरघळते. वेगवेगळ्या दुकानांतली हळकुंडे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर फरक चांगला कळेल. तुमच्यापैकी कोणाच्या घरी हळद होत असेल, तर पॉलिश न केलेले एखादे हळकुंडही आणा. प्रयोगानंतर ते पाणी चाखू नका, हात साबणाने धुवा.

या चाचणीने फक्त संशय घेता येतो. शिसे किती आहे, हे प्रयोगशाळेतच ठरते. अन्न सुरक्षा कायदा २००६ चे चाळिसावे कलम शिक्षकांनी आणि पालकांनी माहीत करून घेण्यासारखे आहे. विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून सरकारमान्य अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क त्याने कोणाही ग्राहकाला दिला आहे. खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगावे लागते. नमुना कोठे आणि कसा द्यायचा, याची चौकशी आपल्या जिल्ह्याच्या अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे करावी.